शस्त्रक्रियेनंतर कोणता रुग्ण परत भरती होणार? प्लास्टिक सर्जरीत जोखमीचा अंदाज बांधायला शिकताना

हा लेख दोघांसाठी आहे: प्लास्टिक सर्जरीच्या युनिटमध्ये नुकते रुजू झालेले रेसिडेंट, आणि त्यांच्या शेजारी लॅपटॉप उघडून बसलेले आकडेवारीवाले. दोघांचीही सुरुवात बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून होते. कुठला अल्गोरिदम वापरायचा यावर महिना जातो, आणि ‘परत भरती’ म्हणजे नेमकं काय हे कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं. अंदाज बरोबर येतो की नाही, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: घटनेची व्याख्या आणि तिसाव्या दिवशी रुग्णाला केलेला फोन. म्हणून इथे त्यांनाच जास्त जागा दिली आहे. सूत्र शेवटी येतं.

पहिली पायरी: काय मोजायचं ते आधी लिहून काढा

‘३० दिवसांत परत भरती’ ऐकायला सोपं वाटतं. पण ३० दिवस कुठपासून? अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सची एनएसक्यूआयपी ही मोठी नोंदणी शस्त्रक्रियेच्या दिवसापासून मोजते. टमी टकची (पोटाची सैल त्वचा काढून पोट घट्ट करण्याच्या शस्त्रक्रियेची) रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी गेली, तर तिच्याकडे परत येण्यासाठी चार आठवडे उरतात. जबड्याच्या कॅन्सरनंतर फ्री फिब्युला फ्लॅप (पायातलं हाड रक्तवाहिन्यांसह काढून जबड्यात जोडणं) झालेला रुग्ण पंचविसाव्या दिवशी घरी गेला, तर त्याच्याकडे उरतात फक्त पाच दिवस. सत्ताविसाव्या दिवशी तो आला तर मोजला जातो, बत्तिसाव्या दिवशी आला तर नाही. अशा आकड्यांवरून मॉडेल शिकतं की जास्त दिवस वॉर्डात राहिलेल्याला धोका कमी. हे साफ उलटं आहे.

यावर उपाय साधा आहे. परत भरतीचे दिवस डिस्चार्जपासून मोजा आणि गुंतागुंतीचे शस्त्रक्रियेपासून. दोन्ही तारखांना वेगवेगळे रकाने द्या आणि दिवसांची वजाबाकी संगणकावर सोडा.

दुसरी अडचण खास प्लास्टिक सर्जरीची आहे. आपल्या कितीतरी शस्त्रक्रिया टप्प्याटप्प्याने होतात. नाकासाठी कपाळावरून आणलेला फ्लॅप (रक्तपुरवठ्यासह हलवलेला त्वचेचा तुकडा) साधारण तीन आठवड्यांनी मूळ जागेपासून तोडतात. हातावर लावलेला ग्रॉइन (जांघेतला) फ्लॅपही तेवढ्याच दिवसांनी वेगळा करतात. फ्लॅपची जाडी कमी करणं, एक्सपांडर (त्वचा ताणणारी पिशवी) काढून इम्प्लांट बसवणं, कॅन्सरच्या रुग्णाची केमोसाठीची भरती, या सगळ्या ठरलेल्या भरत्या. रुग्णालयाच्या संगणकात मात्र ‘डिस्चार्ज’ आणि मग पुन्हा ‘ॲडमिट’ एवढंच दिसतं. तशीच यादी उचलली, तर कपाळाच्या फ्लॅपचा प्रत्येक रुग्ण ‘परत आलेला’ ठरतो.

ही चाळणी नंतर लावू नका. रुग्ण परत आल्यावर ‘तसंही बोलावणारच होतो’ असं म्हणायचा मोह प्रत्येक युनिटला होतो. त्यापेक्षा डिस्चार्ज कार्ड लिहितानाच एक ओळ भरा: पुढची ठरलेली भरती आहे का, कशासाठी, अंदाजे कोणत्या तारखेला. या ओळीत नसलेली भरती अनपेक्षित समजायची. फ्लॅप तोडायला आलेल्या रुग्णाच्या जखमेत पू सापडला, तर त्याची नोंद गुंतागुंतीत जाईल, परत भरतीत नाही. रात्री कॅज्युअल्टीत येऊन ड्रेसिंग करून घरी गेलेल्यासाठी तिसरा रकाना ठेवा. तो भरती नाही, पण त्याला ‘काहीच झालं नाही’ म्हणणंही बरोबर नाही.

गुंतागुंतींना एकच मुदत लावून चालत नाही, कारण प्रत्येकीची वेळ वेगळी असते. हेमाटोमा (जखमेत साचलेलं रक्त) बहुतेकदा पहिल्या २४ तासांत होतो. फ्री फ्लॅपचा रक्तपुरवठा बिघडायचा असेल तर बहुतांशी पहिल्या ४८ ते ७२ तासांत बिघडतो, आणि धमनीपेक्षा शिरेतली गुठळी जास्त आढळते. त्वचेच्या कडा काळ्या पडणार की नाही हे पहिल्या आठवड्यात स्पष्ट होत जातं. जखमेचा संसर्ग पहिल्या आठवड्याच्या शेवटी किंवा दुसऱ्यात डोकं वर काढतो. सेरोमा (जखमेत साचलेलं पाणी) सहसा ड्रेन (ते पाणी बाहेर काढणारी नळी) काढल्यानंतर, म्हणजे रुग्ण घरी असताना दिसतो. पायातल्या गुठळीचा धोका तर कित्येक आठवडे राहतो. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरचा खोल संसर्ग अमेरिकेतल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या व्याख्येप्रमाणे ९० दिवसांपर्यंत मोजतात. तेव्हा फॉर्मवर प्रत्येक गुंतागुंतीसमोर तिची मुदत छापलेली असू द्या.

तीव्रतेसाठी स्वतःची पट्टी बनवू नका. २००४ ची क्लेव्हियन-डिंडो वर्गवारी वापरा. तिच्यात गुंतागुंत निस्तरायला काय करावं लागलं त्यावरून पायरी ठरते. वॉर्डातच जखम उघडून साफ केली तर पहिली पायरी, संसर्गासाठी अँटिबायोटिक किंवा रक्त द्यावं लागलं तर दुसरी, पूर्ण भूल न देता काही प्रक्रिया करावी लागली तर तिसरीचा ‘अ’, पूर्ण भूल देऊन ओटीत न्यावं लागलं तर तिसरीचा ‘ब’, आयसीयूची गरज पडली तर चौथी, मृत्यू पाचवी. फ्लॅप पुन्हा उघडून शिरेतली गुठळी काढली आणि फ्लॅप वाचला, तरी नोंद तिसरीचा ‘ब’ अशीच होते. ‘फ्लॅप वाचला, म्हणजे गुंतागुंत नाही’ ही चूक नव्या रेसिडेंटकडून सर्रास होते.

दुसरी पायरी: तिसाव्या दिवसाचा फोन

आपल्याकडे मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेला रुग्ण बिघडला की आधी गावातल्या डॉक्टरकडे जातो, मग तालुक्याला, आणि अगदीच झालं तर परत आपल्याकडे. मुंबईत फ्लॅप झालेला बीडचा किंवा नंदुरबारचा माणूस टाके उसवले म्हणून लगेच गाडी पकडत नाही. फक्त आपल्या रुग्णालयाचे केस पेपर तपासले, तर जवळ राहणाऱ्यांत गुंतागुंती जास्त आणि लांबच्यांत कमी दिसतात. मॉडेल ‘लांब राहणं सुरक्षित’ असं शिकतं. ही चूक कुठल्याही सूत्राने नंतर दुरुस्त होत नाही.

म्हणून डिस्चार्जनंतर तिसाव्या दिवशी प्रत्येकाला फोन करायचाच, तोही ठरलेल्या शब्दांत. ‘सगळं ठीक आहे ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो डॉक्टर, ठीक आहे’ असंच येतं. ‘परत ॲडमिट झालात का?’ हाही प्रश्न अपुरा पडतो, कारण गावातल्या दवाखान्यात दोन रात्री सलाईनवर काढलेला माणूस त्याला ॲडमिट होणं म्हणेलच असं नाही. प्रश्न असे ठेवा:

घरी गेल्यापासून दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे जावं लागलं का? तिथे सलाईन किंवा इंजेक्शन दिलं का? रात्री ठेवून घेतलं का? जखमेतून पाणी, पू किंवा रक्त आलं का? टाके सुटले का? सुईने पाणी काढलं का? पाय सुजला किंवा दम लागला का?

डिस्चार्जच्या वेळी दोन नंबर घ्या, रुग्णाचा आणि ड्रेसिंग करणाऱ्या नातेवाइकाचा. वेगवेगळ्या वेळी तीनदा फोन करूनही उचलला नाही, तर रकान्यात ‘संपर्क नाही’ असं लिहा. तिथे ‘गुंतागुंत नाही’ लिहिलंत तर आधीची सगळी मेहनत वाया गेली. आणि संपर्क न झालेल्यांचं प्रमाण प्रत्येक अहवालात सांगा.

तिसरी पायरी: फॉर्ममध्ये काय हवं

वय, लिंग, वजन, उंची, एएसए वर्ग (भूल देण्याआधी ठरवलेली तब्येतीची पायरी), रक्तदाब, मधुमेह, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), चालू औषधं, पूर्वीचं रेडिएशन, ठरवलेली शस्त्रक्रिया आणि तिला लागणारा अंदाजे वेळ. हे सगळ्यांना सुचतं. चुका होतात त्या तपशिलात.

वजन काट्यावर करा, विचारून लिहू नका. मधुमेहासाठी ‘आहे/नाही’ पुरत नाही, एचबीए१सीचा (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) आकडा लिहा. अल्ब्युमिन ३.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असलं की जखम भरण्याची चिंता सुरू होते. पण नोंद ‘कमी’ अशी न करता आकड्यातच करा, कारण ३.४ आणि २.३ एका पोत्यात घालण्यासारखे नाहीत.

तंबाखूच्या रकान्यात सगळ्यात जास्त घोळ होतो. परदेशी मॉडेलांमध्ये प्रश्न धूम्रपानाचा असतो. तोच भाषांतर करून विचारला, ‘विडी-सिगारेट ओढता का?’, तर मिश्री लावणारी बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते आणि गुटखा खाणारा माणूसही. मिश्री ही भाजून पूड केलेली तंबाखूच आहे. तिच्यातलं निकोटिन हिरड्यांमधून रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आकसतात. ‘सकाळी दातांना काय लावता? दिवसातून किती वेळा?’ असं विचारलं की उत्तर मिळतं. ओढण्याची आणि तोंडातल्या तंबाखूची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत करा, कारण धुरात निकोटिनबरोबर कार्बन मोनॉक्साइडही असतो आणि दोन्हींचा परिणाम सारखाच असेल असं धरून चालत नाही. लघवीतल्या कोटिनिनची (निकोटिनपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थाची) तपासणी करणार असाल, तर निकोटिनची च्युइंगम चालू आहे का तेही विचारा. तिनेही तपासणी पॉझिटिव्ह येते.

जुने व्रण चित्रावर काढा. टमी टकमध्ये पोटाची त्वचा वर उचलली की तिला रक्त मुख्यतः बाजूंनी मिळतं. पित्ताशयाच्या जुन्या उघड्या शस्त्रक्रियेचा उजव्या बरगडीखालचा तिरका व्रण नेमकी ती वाट अडवतो, आणि त्या व्रणाखालची त्वचा काळी पडू शकते. ‘पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया: हो’ एवढ्या नोंदीतून सिझेरियनचा आडवा व्रण आणि हा व्रण सारखेच ठरतात.

घरापासून रुग्णालयापर्यंत लागणारे तास आणि घरी ड्रेसिंग कोण करणार, हे दोन रकाने आयात केलेल्या फॉर्मांत मिळायचे नाहीत. जरूर घाला.

प्रत्येक रकान्यासमोर ‘ही माहिती कधी कळते’ तेही लिहा. शस्त्रक्रियेआधी सांगायचा अंदाज असेल, तर वॉर्डात राहिलेले दिवस, दिलेलं रक्त, पुन्हा ओटीत नेणं यांपैकी काहीही त्यात येता कामा नये. ही माहिती घातली की कागदावरचे निकाल झकास येतात आणि प्रत्यक्षात मॉडेलचा उपयोग शून्य, कारण ओपीडीत समोर बसलेल्या रुग्णाबद्दल ती अजून अस्तित्वातच नसते. हवं तर दोन मॉडेल करा, एक ओपीडीसाठी आणि एक डिस्चार्जच्या सकाळसाठी.

चौथी पायरी: आधी तयार स्कोर वापरून पाहा

समजा दोन वर्षांत ४०० शस्त्रक्रिया झाल्या आणि ८ टक्के रुग्ण अनपेक्षितपणे परत आले. म्हणजे ३२ घटना. ‘प्रत्येक घटकामागे किमान १० घटना’ या जुन्या ढोबळ नियमाने मॉडेलमध्ये तीन घटक मावतात. संख्याशास्त्रज्ञ रिचर्ड रायली आणि सहकाऱ्यांच्या नव्या निकषांनी गरज बहुधा याहून जास्तच निघते. ती काढायला ‘पीएमसॅम्पसाइझ’ हे मोफत पॅकेज आहे. ३२ घटनांवर ४० रकान्यांचं मशीन लर्निंग चालवणं म्हणजे योगायोग पाठ करणं.

त्यामुळे आधी उपलब्ध साधनं पाहा. २०१३ साली आलेलं एनएसक्यूआयपीचं जोखीम-गणकयंत्र १४ लाखांहून अधिक रुग्णांवर बांधलेलं होतं आणि ते २१ बाबी विचारतं. ते शस्त्रक्रियेचा एकच मुख्य कोड घेतं. टमी टक, लायपोसक्शन आणि हर्नियाची दुरुस्ती एकाच वेळी होणार असेल, तर येणारा आकडा कमी असण्याची शक्यता धरा. शिवाय मूळ नोंदणीत सेरोमाचा रकाना नाही आणि मुदत ३० दिवसांची, त्यामुळे आपल्याला सतावणाऱ्या काही गोष्टींबद्दल हे यंत्र गप्पच राहणार.

नाजूकपणा मोजण्यासाठी पाच प्रश्नांचा एमएफआय-५ आहे: मधुमेह, फुप्फुसांचा दीर्घ आजार, हृदय निकामी होणं, औषध चालू असलेला रक्तदाब, आणि रोजच्या कामांसाठी दुसऱ्यावर अवलंबून असणं. डिस्चार्जच्या वेळी लेस हा निर्देशांक काढता येतो. त्यात वॉर्डातले दिवस, तातडीची भरती, इतर आजार आणि मागच्या सहा महिन्यांतल्या कॅज्युअल्टीच्या फेऱ्या यांचे गुण असतात, आणि १० किंवा जास्त म्हणजे जोखीम मोठी. तो सर्वसाधारण रुग्णांसाठी बनला आहे, फ्लॅपच्या रुग्णावर तपासल्याशिवाय विसंबू नका.

गुठळीसाठी मात्र कॅप्रिनी स्कोर प्रत्येकाने हाताने काढायला शिकावा. ४५ वर्षांची स्त्री, बीएमआय ३१, गर्भनिरोधक गोळ्या चालू, अडीच तासांची टमी टक. २००५ च्या आवृत्तीप्रमाणे वयाचा १, ४५ मिनिटांपेक्षा मोठ्या शस्त्रक्रियेचे २, बीएमआय २५ च्या वर म्हणून १, गोळ्यांचा १. एकूण ५. प्लास्टिक सर्जरीच्या, गुठळी टाळण्याचं औषध न दिलेल्या रुग्णांवर अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६० दिवसांत गुठळी होण्याचं प्रमाण ३-४ गुणांना ०.६१ टक्के, ५-६ ला १.२७, ७-८ ला २.६९ आणि ८ च्या वर ११.३ टक्के होतं. या बाईंनी आधीपासून गोळ्या बंद केल्या तर एक गुण कमी होतो. कुटुंबात कुणाला गुठळी झाली होती का, हा प्रश्न राहून गेला तर तीन गुण हुकतात, आणि तो राहून जातोच. आईवडील, भावंडं असं नावानिशी विचारा.

पाचवी पायरी: आकडा आपल्या रुग्णांना जुळवून घ्या

तयार मॉडेल सरासरी ४ टक्के जोखीम सांगतंय आणि आपल्याकडे प्रत्यक्षात ८ टक्के परत येताहेत. याचा अर्थ मॉडेल टाकाऊ आहे असा नाही. क्रम बरोबर असेल, पातळी चुकली असेल. लॉजिस्टिक मॉडेलमध्ये पातळी स्थिर संख्येत असते. ४ टक्क्यांचा लॉग-ऑड्स (घटना होण्या-न होण्याच्या गुणोत्तराचा लॉग) उणे ३.१८, ८ टक्क्यांचा उणे २.४४. फरक साधारण ०.७४. एवढा प्रत्येकाच्या लॉग-ऑड्समध्ये मिळवला, की आधी १० टक्के सांगितलेला रुग्ण सुमारे १९ टक्क्यांवर येतो. ही ढोबळ आकडेमोड झाली. नेमकं करायला जुन्या लॉग-ऑड्सला ‘ऑफसेट’ (न बदलणारा भाग) ठेवून फक्त स्थिर संख्या नव्याने काढा.

स्वतःचं मॉडेल बांधण्याइतक्या घटना जमल्या असतील, तर साध्या लॉजिस्टिक रिग्रेशनपासून सुरुवात करा. वय, बीएमआय, हिमोग्लोबिन यांचे तुकडे पाडू नका, आकडा आकडाच राहू द्या. अल्ब्युमिन तपासलेलंच नाही असे रुग्ण यादीतून वगळू नका. अशक्त दिसणाऱ्याचंच अल्ब्युमिन पाठवायची सवय असते, त्यामुळे उरलेली यादी मूळ रुग्णांसारखी राहत नाही. मल्टिपल इम्प्युटेशन (नसलेले आकडे उरलेल्या माहितीवरून अनेकदा अंदाजाने भरणं) शिका. छोटी यादी शिकण्यासाठी आणि तपासण्यासाठी अशी दोन भागांत तोडण्यापेक्षा बूटस्ट्रॅप (त्याच यादीतून पुन्हापुन्हा नमुने काढून तपासणं) करा.

अचूकतेच्या टक्केवारीवर भुलू नका. ५ टक्के रुग्ण परत येत असतील, तर ‘कुणीच परत येणार नाही’ म्हणणारं मॉडेल ९५ टक्के अचूक ठरतं. घटना कमी आहेत म्हणून स्मोटसारख्या पद्धतीने खोटे रुग्ण तयार करून संख्या सारखी करण्याची पद्धत पसरली आहे. तिने जोखमीचे आकडे अवाच्या सवा फुगतात. रुग्णाला टक्के सांगायचे असतील तर ती वापरू नका. सी-स्टॅटिस्टिकबरोबर (जास्त-कमी जोखमीचा क्रम किती बरोबर लागतो त्याच्या आकड्याबरोबर) कॅलिब्रेशनचा आलेख काढाच: २० टक्के जोखीम सांगितलेल्या शंभर जणांपैकी खरोखर वीसच्या आसपास परत आले का? अहवाल लिहिताना त्यात काय काय द्यायचं याची २०२४ ची ट्रायपॉड-एआय यादी समोर ठेवा.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर चर्चा फार कमी होते. मॉडेलमधला घटक म्हणजे कारण नव्हे. जास्त दिवस ड्रेन ठेवलेल्यांत सेरोमा जास्त दिसेल, कारण ज्याचं पाणी थांबत नाही त्याचाच ड्रेन ठेवतात. हे वाचून ड्रेन लवकर काढायला लागलात तर नुकसान रुग्णाचं.

सहावी पायरी: अंदाजाला काम जोडा

कुठल्या टक्क्यांपुढे काय करायचं हे मॉडेल सुरू करण्याआधी ठरवा. १० टक्क्यांची रेघ आखली, म्हणजे एका खऱ्या घटनेसाठी नऊ जणांना जादा फोन करायची तयारी आहे असं आपण मान्य केलं. आठवड्याला सिस्टरांना किती फोन जमतील ते त्यांनाच विचारा आणि रेघ तिथे ठेवा.

शस्त्रक्रियेआधी बदलता येतील त्या गोष्टींवर जोर द्या. तंबाखू किमान चार आठवडे आधीपासून पूर्ण बंद, सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया असेल तर साखर आटोक्यात येईपर्यंत थांबणं, तीन शस्त्रक्रिया एकदम करण्याऐवजी दोन वेळा. कॅन्सरच्या रुग्णाला थांबवता येत नाही, तिथे तोच आकडा आयसीयूतली खाट आणि लवकर सुरू करायचा आहार ठरवायला कामी येतो.

रेघेच्या वरच्या रुग्णाला घरी सोडताना त्याची गुंतागुंत कधी येऊ शकते त्याप्रमाणे फोन लावा. ड्रेनसह घरी जाणाऱ्याला रोजचं पाणी मिलिलिटरमध्ये लिहायला शिकवा. २४ तासांत ३० च्या खाली आलं की काढायला बोलावण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे. जखमेचा फोटो दिवसाच्या उजेडात, रोज त्याच अंतरावरून काढायला सांगा, आणि तो युनिटच्या फोनवर येऊ द्या, कुणाच्या खासगी ग्रुपवर नको. एकाच पोटरीची सूज किंवा अचानक दम लागला, तर आमच्या फोनची वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयात जायचं, हे कार्डावर मोठ्या अक्षरांत आणि नातेवाइकाला तोंडी, दोन्हीकडे हवं.

दर सहा महिन्यांनी जमाखर्च तपासा. प्रत्येक रुग्णाच्या जोखमीची बेरीज करा आणि खऱ्या घटनांशी ताडा. २४० रुग्णांची बेरीज १८.६ आली आणि परत आले २७, तर गुणोत्तर १.४५. लगेच सूत्राला हात लावू नका. आधी पाहा, फोन लागण्याचं प्रमाण वाढल्यामुळे पूर्वी निसटणाऱ्या घटना आता सापडताहेत का. मग पाहा, रुग्णांचा प्रकार बदलला का, भाजलेले किंवा फ्री फ्लॅपचे जास्त आले का. ही दोन्ही कारणं नसतील तर स्थिर संख्या नव्याने काढा. गुणोत्तर १ च्या खाली गेलं तरी घाई नको. जादा फोन झालेल्यांतच घटना घटल्या असतील तर मॉडेल चुकलं असं होत नाही, काम झालं असं होतं, आणि तेव्हा सूत्र खाली आणलं की पुढच्या धोक्याच्या रुग्णांचे फोन बंद होतात. म्हणून कोणाला कोणती जादा काळजी मिळाली याचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा.